तुमची पत्रं : जुनी जावा, येझ्दीवाले काका आणि एक डिसेंबर

गेल्या अंकात जुन्या मोटरसायकलींवर लिहिलं होतं आणि जाता जाता एक ओळ टाकली होती, की गोव्यात साखळी गावाकडचे एक काका येझ्दी मोटरसायकलवरून फिरून लोकांशी एड्सबद्दल बोलतात. त्या एका ओळीवरच पत्रांचा ढीग आला, गाड्यांची पत्रं बिचारी मागे पडली. म्हणून यावेळी दोन्ही एकत्र घेतोय, आणि जागा कमी असल्याने काही पत्रं कापली आहेत, राग नसावा.

प्रश्न : वडिलांची १९६८ ची जावा पडवीत पडून आहे. इंजिन जाम, टाकीला गंज. एक जण भंगाराच्या भावात मागतोय. देऊ का? कागद जुने आहेत, ते चालतील का? (म्हापसा)

उत्तर : देऊ नका. निदान महिनाभर तरी थांबा, मग काय ते ठरवा.

तुमची गाडी म्हैसूरची. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाकडून लायसन्स घेऊन रुस्तम आणि फारोख इराणींनी तिथे आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडायला लागल्या, म्हणजे इकडे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. पुढे सत्तरच्या दशकात टाकीवर येझ्दी नाव आलं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. बुलेटची गोष्ट त्याआधीची, सैन्याला सरहद्दीवर फिरायला गाडी हवी होती त्यातून १९५५ साली मद्रासला एनफिल्डचा कारखाना उभा राहिला. पण बुलेटवाले स्वतःचं कौतुक स्वतःच भरपूर करतात, त्यांना माझी गरज नाही.

आता इंजिन. जाम आहे म्हणून किकवर उभं राहून उड्या मारू नका, आतलं मोडेल. प्लग काढा, त्या भोकातून थोडं ऑइल आत सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे करा. बरीच इंजिनं एवढ्यावर सुटतात. आपल्याकडे खाऱ्या हवेने पत्रा खातो हे खरं, पण या गाडीची चेन पूर्ण कव्हरच्या आत असते, त्यामुळे ती बघा, बहुतेक शाबूत निघेल. टाकी घाईघाईने रंगवून घेऊ नका. बाजूचं क्रोम आणि तो मूळ गडद लाल (मरून) रंग थोडा जरी शिल्लक असेल तरी तो ठेवा, चकचकीत नवा रंग मारलेल्या जावा बाजारात ढिगाने दिसतात, मूळ रंगाची क्वचित. आणि चालू झाली की पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालायला विसरू नका, लिटरला साधारण ३० ते ४० मिली, घरातल्या नव्या पोराला हे माहीत नसतं आणि तो नुसतं पेट्रोल भरून आणतो.

कागदांचं असं आहे. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात असलेली, धंद्याला न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नवीन नोंदणीला २० हजार, पुढे रिन्यूअलला ५ हजार, मुदत १० वर्षं. पण मेख अशी की ही पाटी घेतली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्हाला सकाळी बाजारात मासळी आणायला जावा काढायची हौस असेल तर व्हीएच्या नादी लागू नका, जुनंच रजिस्ट्रेशन रिन्यू करून घ्या, ते पाच-पाच वर्षांचं मिळतं.

प्रश्न : त्या येझ्दीवाल्या काकांबद्दल सविस्तर लिहा ना. त्यांना कुणी पगार देतं का? आणि त्यांना स्वतःला तो आजार आहे का? (फोंडा)

उत्तर : पगार कोणी देत नाही, पेट्रोलसुद्धा स्वतःचंच. दुसरा प्रश्न मी त्यांना विचारला नाही आणि विचारणारही नाही. तुम्ही सहज विचारलंत, मला कळतं, पण एड्सबद्दल कोणी चार शब्द बोललं की आपण लगेच याला आहे की काय म्हणून बघायला लागतो, आणि मग कोणी बोलायलाच धजत नाही.

नाव छापू नका म्हणाले म्हणून नुसतं काका. मायनिंगच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले. ट्रकवाल्यांशी ओळखी जुन्या. मी त्यांच्यासोबत एकदा उसगावच्या बाजूला गेलो होतो तेव्हाचं सांगतो. रस्त्याकडेला चार-पाच ट्रक, ड्रायव्हर लोक चहा घेत बसलेले. काकांनी गाडी मोठ्या स्टँडवर लावली, बंद केली आणि काही न बोलता रुमालाने टाकी पुसत उभे राहिले. दोन मिनिटांत एक पोरगा आला, काका विकता का म्हणून. काका म्हणाले, आधी चालू करून दाखव, मग भाव सांगतो. पोराने किक शोधली, सापडेना. कशी सापडणार, या गाडीत गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, वेगळी किक नाहीच. सगळे हसायला लागले, मग दुसऱ्याने प्रयत्न केला, तिसऱ्याने केला. काकांनी कार्बोरेटरवरचं बटण दाबून बोटावर पेट्रोलचा थेंब आणून दाखवला, म्हणाले आता मार, आणि गाडी फट्कन लागली, निळा धूर सगळीकडे.

एवढं झाल्यावर माणसं सैल होतात. कुठून आलास, घरी कधी जातोस, किती दिवस लाइनवर, असल्या गप्पांमधून काका हळूच मुद्द्यावर येतात. भाषण अजिबात नाही. मागच्या पेटीत कंडोमची पाकिटं असतात, ती हवी त्याने घ्यावीत, कोण घेतो तिकडे ते बघतसुद्धा नाहीत, पाठ फिरवून प्लग काढून घासत बसतात. टेस्ट सरकारी ठिकाणी फुकट होते, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळात, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, आणि रिपोर्ट तुझ्याच हातात देतात, एवढं तीन-तीनदा सांगतात. त्या दिवशी एका वयस्क ड्रायव्हरने त्यांना बाजूला नेऊन काहीतरी विचारलं, काकांनी खिशातून कागद काढून त्यावर १०९७ लिहून दिलं. हा नॅकोचा, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेचा हेल्पलाइन नंबर, फुकट आहे. पाऊणेक तास तिथे होतो, त्यातली अर्धी वेळ तरी गाडीवरच बोलणं चाललं होतं.

त्यांना विचारलं, बुलेट का नाही घेतली, आवाज मोठा. तर म्हणाले, बुलेट बघून माणसं बाजूला होतात, येझ्दी बघून जवळ येतात. बुलेटवाल्यांनी मला पत्रं पाठवू नयेत, वाक्य त्यांचं आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजात एड्सवर प्रोजेक्ट आहे. आजोबा म्हणतात, गोव्यात एका तरुणाला एड्स झाला म्हणून पोलिसांनी कोंडून ठेवलं होतं. हे खरं आहे का? (पणजी)

उत्तर : अगदी खरं, आणि बाळ, तुझा प्रोजेक्ट इथूनच सुरू कर, कारण देशातल्या एड्सच्या इतिहासातलं हे पान गोव्यात लिहिलं गेलं.

त्या तरुणाचं नाव डॉमिनिक डिसोझा. बार्देश तालुक्यातल्या पर्रा गावचा, वय तिशीच्या आतलं, नियमित रक्तदान करणारा. भारतात एचआयव्हीची, म्हणजे एड्सच्या विषाणूची लागण पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला तपासणीत सापडली होती, त्यामुळे १९८९ मध्ये लोकांना या रोगाबद्दल भीती भरपूर आणि माहिती शून्य. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तरतूदच होती की एचआयव्हीची लागण असलेल्या माणसाला वेगळं ठेवायचं. डॉमिनिकच्या रक्तात लागण सापडली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी बोलावून नेलं. काय झालंय हे त्याला नीट कोणी सांगितलंही नाही. नेऊन ठेवलं म्हापशाच्या एका जुन्या, बंद पडलेल्या टीबी सॅनिटोरियममध्ये, बाहेर पहारा. ६४ दिवस. ज्याने गुन्हा काही केलाच नव्हता, उलट लोकांना रक्त दिलं होतं, त्याला.

गाव मात्र गप्प बसलं नाही. पर्राचे लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठं वाटतं, कारण त्या काळात शेजारी दार लावून घ्यायचे. आई ल्युसी डिसोझा हायकोर्टात गेल्या, वकील आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला, पण निकालात कोर्टाने ती वेगळं ठेवण्याची तरतूद कायम ठेवली, हेही लिही, सगळं गोड झालं असं दाखवू नकोस. नोकरी गेली ती गेलीच. पुढे १९९२ मध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. संस्थेचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

त्याच्या लढ्यातून जे सुरू झालं ते कायद्यात उतरायला मात्र फार वेळ लागला. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. आता संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही, नोकरी, शाळा, भाड्याचं घर यात भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. आजोबांना विचार, त्यांना १९८९ चं काय काय आठवतं, बाजारात लोक काय बोलायचे. ते लिहून काढ, ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

प्रश्न : पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसताना तो हेल्मेट देतो, शंभर जणांनी घातलेलं. त्यातून एड्स होतो का? (पर्वरी)

उत्तर : नाही हो. घामातून, थुंकीतून, हेल्मेटमधून, डास चावून, एका ताटात जेवून, काहीही नाही. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, एवढेच रस्ते. त्या हेल्मेटमधून कोंडा आणि उवा येऊ शकतात, तेवढ्यासाठी आत रुमाल बांधा, पण हेल्मेट घाला.

प्रश्न : हायवेवर अपघात दिसला की थांबावंसं वाटतं, पण जखमीचं रक्त लागलं तर? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत. (काणकोण)

उत्तर : थांबणाऱ्यांच्या तटात मी. आपली कातडी अखंड असेल तर तिच्यावर रक्त सांडून एचआयव्ही आत जात नाही, साबण-पाण्याने धुवा, संपलं. गाडीच्या पेटीत रबरी हातमोज्यांचा एक जोड टाकून ठेवा, दहा-वीस रुपयांची वस्तू. हाताला उघडी जखम असेल आणि त्यावर दुसऱ्याचं रक्त गेलं, किंवा डोळ्यात उडालं, तर ती जागा पाण्याने नीट धुवा, जखम दाबून पिळत बसू नका, आणि सरळ सरकारी इस्पितळात जा. लागण टाळायला पीईपी नावाच्या गोळ्या असतात, शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. चौथ्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. हेपेटायटिस बीची लस प्रत्येक रायडरने घेऊन ठेवावी, रक्तातून तो आजार एचआयव्हीपेक्षा पुष्कळ सहज पसरतो पण त्याला कोणी घाबरत नाही, गंमतच आहे.

पोलिसांच्या लफड्याची भीती असेल तर तीही सोडा. मोटार वाहन कायद्यात आता १३४अ हे कलम आहे, मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन लावा आणि जखमीचं हेल्मेट खसकन ओढून काढू नका, मानेला मार असेल तर आणखी वाट लागते.

प्रश्न : आमचा क्लब एक डिसेंबरला मडगाव ते पणजी रॅली काढतोय. टी-शर्ट, झेंडे, लाल रिबन सगळं ठरलं. आणखी काय करावं? स्लोगन सुचवाल का? (मडगाव)

उत्तर : स्लोगन नाही सुचवणार. खरं सांगू का, जागतिक एड्स दिन १९८८ पासून आहे, तेव्हापासून रॅली निघतायत, आणि गाड्यांची रांग भुर्रकन निघून गेली की फूटपाथवरच्या माणसाला कळतसुद्धा नाही की हे एड्ससाठी होतं की इलेक्शनसाठी. गोव्याला बाइकवाल्यांची गर्दी नवीन नाही, वागातोरला २०१३ पासून केवढे मेळे झाले.

तुम्हाला एक उदाहरण देतो. रँडी मामोला नावाचा अमेरिकन रेसर, ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत चार वेळा दुसरा आलेला. तो आणि इंग्लंडचे बॅरी आणि अँड्रिया कोलमन हे जोडपं आफ्रिकेतल्या मदतकामाशी जोडले गेले, आणि तिथे त्यांना दिसलं की आरोग्य खात्याच्या मोटरसायकली दवाखान्याबाहेर मरून पडल्यात. मोठा बिघाड नव्हताच. कुणी ऑइल बदललं नव्हतं, चेन ताणली नव्हती, साधा पार्ट मिळाला नव्हता. गाडी बंद म्हणून नर्स गावात जात नाही, नर्स जात नाही म्हणून माणसं मरतात. त्यातून रायडर्स फॉर हेल्थ उभी राहिली, १९९६ ला तिची रीतसर संस्था झाली. त्यांनी आरोग्य सेवकांना गाडी चालवायला आणि मुख्य म्हणजे रोज तपासायला शिकवलं, गाडी बंद पडायच्या आधीच पार्ट बदलायचा अशी शिस्त लावली. लेसोथो हा सगळा डोंगराळ देश, एचआयव्हीचं प्रमाण जगात अतिशय जास्त असलेल्या देशांपैकी, तिथे मोटरसायकलवाले डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने लॅबला न्यायचे आणि रिपोर्ट परत आणायचे. झेंडा नाही, टी-शर्ट नाही.

आपल्याकडचाही एक आहे, मोटरसायकलवाला नव्हे पण दोनचाकीवालाच. सुंदरबनातला सोमेन देबनाथ २००४ साली एड्सबद्दल बोलत सायकलवर निघाला आणि देशोदेशी फिरला. तोही जिथे पोचेल तिथे उतरून बोलायचा.

तेव्हा रॅली काढा, पण मडगाव ते पणजी एका दमात जाऊ नका. गोवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीला आधी भेटा, त्यांचा एखादा समुपदेशक सोबत मिळतो का बघा, आणि वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर शिफ्ट सुटते तेव्हा थांबा, पायलटांच्या स्टँडवर थांबा, मासळीच्या जेटीवर थांबा. दोघा-तिघांनी गाडी दाखवावी, दोघा-तिघांनी बोलावं. स्टिकरवर १०९७ मोठा छापा, क्लबचं नाव बारीक. क्लबमधल्या चार जणांनी त्याच दिवशी स्वतःची टेस्ट करून घ्यावी, रिझल्ट कुणाला दाखवू नये, पण केली एवढं सांगावं, पोरांची भीड त्यानेच मोडते. एचआयव्हीसह जगणाऱ्या कुणाला स्टेजवर उभं करून हार घालू नका, त्याने स्वतःहून मागितलं तर गोष्ट वेगळी. आणि बदललेले सायलेन्सर त्या दिवशी तरी घरी ठेवा, बांबोळीला इस्पितळासमोरून जाणार आहात.

प्रश्न : मी स्वतः एचआयव्हीसह जगतोय, सहा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. ग्रुप उन्हाळ्यात लडाखला चाललाय. मी जाऊ शकतो का? ग्रुपला सांगावं लागेल का? लायसन्सला अडचण येईल का? (गाव लिहू नका)

उत्तर : गाव लिहिलं नाही. आणि जा.

लायसन्सला काही अडचण नाही, फॉर्ममध्ये एचआयव्ही असा प्रश्नच नाही. ग्रुपला सांगणं पूर्णपणे तुमच्या मनावर, कायदा तुमच्या बाजूने आहे. एखादा जवळचा मित्र असेल तर त्याला सांगून ठेवा असं मी म्हणेन, ते आजारापेक्षा अपघाताच्या वेळी तुमच्या गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली असेल आणि तसाच राहिला असेल तर शरीरसंबंधातूनसुद्धा तुमच्याकडून लागण होत नाही, मग एका तंबूत झोपून मित्रांना काय होणार आहे.

निघण्याआधी एआरटी सेंटरला, म्हणजे तुमच्या गोळ्या मिळतात तिथे जाऊन डॉक्टरांना प्रवासाच्या तारखा सांगा, जास्तीच्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, डोंगरात रस्ता बंद पडला की चार दिवस कुठे गेले कळत नाही. या गोळ्या २००४ पासून सरकारी सेंटरवर फुकट आहेत, आणि सेंटरचं कार्ड सोबत असेल तर वाटेतल्या दुसऱ्या सेंटरवरही प्रवासी म्हणून गोळ्या मिळायची सोय असते, म्हणून कार्ड मूळ न्या, फोनमधला फोटो वेगळा ठेवा. गोळ्या टँक बॅगेत ठेवू नका, खाली इंजिन तापतं, वरून ऊन. अंगावरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात चार-पाच दिवसांच्या, बाकीच्या सामानात कोरड्या डबीत. वेळ ठरलेली पाळा, फोनला गजर लावा, डोंगरात रेंज नसली तरी गजर वाजतो.

आणखी एक, जे रायडर लोकांना कोणी सांगत नाही. ढाब्यावरचं तिखट खाऊन जळजळ झाली की आपण पटकन अँटासिड मारतो. तुमच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असेल, हल्ली बहुतेकांच्या असतं, तर अँटासिडने ती नीट शोषली जात नाही. गोळी अँटासिडच्या आधी दोन तास घ्या किंवा नंतर सहा तासांनी. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, त्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा. उंचीवर सगळ्यांनाच डोकं दुखतं, त्यासाठीची गोळी ग्रुपमधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, ती तुमच्या चालू औषधांसोबत चालेल का हे निघण्याआधी सेंटरलाच विचारून या. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, हा नियम मात्र पूर्ण ग्रुपला.